हुज्जतखोर कुणाला म्हणायचं?

प्रश्न : काकू, मी हिंगणघाट तालुक्यातला. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून दोन वर्षांपासून इंडोनेशियात, पश्चिम जावातल्या एका सूतगिरणीत शिफ्ट सुपरवायझर आहे. सध्या पेरणीसाठी सुटी घेऊन गावी आलोय. मार्चमध्ये आम्हाला प्रत्येक कामगाराबद्दल एक ओळ इंग्रजीत आणि तीच इंडोनेशियनमध्ये लिहून द्यावी लागते. माझ्या रिंग फ्रेमवरचा, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरचा, एक जण प्रत्येक गोष्टीत वाद घालतो. धागा तुटायला लागला की मी म्हणतो, स्पिंडलचा, म्हणजे चातीचा, वेग कमी करा. तो म्हणतो, खात्यातली हवा कोरडी झालीय, आधी ते बघा. दोनदा त्याचंच खरं निघालं, हेही सांगतो. मी इंग्रजीत ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ लिहिलं आणि खाली ‘सुका बर्तंगकार’. त्यानं ते वाचलं. तेव्हापासून हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही. माझा शब्द चुकला का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : चुकला बाप्पा. इंग्रजीतला थोडा, इंडोनेशियनमधला पुरता.

मी अकरा वर्षं पश्चिम जावातल्याच पुर्वाकार्ताच्या बाजूला राहिले. आमच्या घरचे तिथल्या गिरणीत स्पिनिंग मास्टर होते. भाषा मी शिकले ती भाजीबाजारात आणि शेजारणींच्या ओट्यावर, त्यामुळे कुठला शब्द कुणाला कसा लागतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

‘बर्तंगकार’ म्हणजे भांडणं. नवरा-बायकोचं वाजतं, शेजाऱ्यांची जुंपते, तिथं हा शब्द. ‘सुका’ म्हणजे आवडणं, आणि तो आपलाच संस्कृत ‘सुख’ तिकडे गेलेला. म्हणजे तू त्या माणसाबद्दल कागदावर लिहिलंस की याला भांडणातच सुख वाटतं. त्यानं बोलणं टाकलं तर नवल काय?

तिथं वाद घालणाऱ्यासाठी शब्दांची कमी नाही, पण प्रत्येकाची जागा वेगळी. ‘सुका मम्बान्ताह’ म्हणजे उलटून बोलणारा. हा शब्द आई पोराबद्दल वापरते. साहेबानं कामगाराबद्दल लिहिला तर त्यात ‘ऐकत नाही’ असा आरोप येतोच. ‘न्गेयेल’ हा जावानीजमधून आलेला बोलीतला शब्द. चूक दाखवली तरी आपलंच पुढे रेटणारा, तो न्गेयेल. ‘न्गोतोत’मध्ये ‘ओतोत’ आहे, म्हणजे स्नायू. आपण शिरा ताणून बोलणं म्हणतो ना, अगदी तेच. ‘करास कपाला’ म्हणजे कठीण डोक्याचा, हट्टी. ‘कपाला’ म्हणजे डोकं, आणि तो शब्द ‘कपाल’वरून गेलेला. आपण त्याचं कपाळ केलं, त्यांनी अख्खं डोकं केलं.

आणि ज्या वादातून काहीच निघत नाही त्याला ते ‘देबात कुसिर’ म्हणतात, घोडागाडीवाल्याचा वाद. त्याची गोष्ट हाजी आगुस सालिम यांच्या नावानं सांगतात. हे त्यांच्या स्वातंत्र्यलढ्यातले मोठे पुढारी, पुढे परराष्ट्रमंत्री झाले. ते घोडागाडीतून जात असता घोड्यानं वारा सोडला. सालिम म्हणाले, घोड्याच्या अंगात वारा शिरलाय. तिथं सर्दी-पडसं, अंग मोडून येणं, सगळ्याला असंच म्हणतात. गाडीवाला म्हणाला, शिरला कुठं, बाहेर पडलाय. उतरायची जागा आली तरी दोघांचं तेच चाललेलं. आपल्याकडे याला वितंडवाद म्हणतील. पण तुझ्या कामगाराचा वाद या जातीचा नाही. तो हवेच्या कोरडेपणाबद्दल बोलतो. हवा कोरडी झाली की धागा जास्त तुटतो, हे तू डिप्लोम्याला शिकला आहेस.

आता इंग्रजी. ‘आर्ग्यू’चं मूळ लॅटिनमधलं आहे आणि तिथं त्याचा अर्थ उघड करून दाखवणं, सिद्ध करणं. ‘क्वॉरल’चं, म्हणजे भांडणाचं, मूळ मात्र गाऱ्हाणं सांगण्यात. मुळात दोन वाटा इतक्या वेगळ्या. पण आज माणसाला ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ म्हटलं की कौतुक वाटत नाही, खोड सांगितल्यासारखं वाटतं. ‘क्वॉरलसम’ त्याहून कडू, तुझ्या ‘सुका बर्तंगकार’च्या जवळचा. ‘आउटस्पोकन’ म्हणजे मनातलं तोंडावर बोलणारा, तो बराच सौम्य.

आपल्या ‘हुज्जत’चंही असंच झालं. अरबीत तिचा अर्थ पुरावा, युक्तिवाद. तोच शब्द इंडोनेशियात ‘हुजाह’ होऊन गेला आणि तिथं अजून पुरावाच राहिला. आपल्याकडे आला आणि हुज्जतखोर ही शिवी झाली. पुरावा मागणारा माणूस समोरच्याला नकोसा होतो, आणि नाव ठेवायचं काम नेहमी समोरच्याकडेच असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी सातवीत असताना बाबांसोबत कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन जिनिंगवर, सरकी काढायच्या गिरणीवर, गेले होते. रात्रभर रांगेत. सकाळी मापाऱ्यानं काटा केला आणि आकडा पुटपुटला. बाबा घरून मोजून गेले होते. ते एवढंच म्हणाले, “एक डाव अजून काटा करा साहेब, मंग काय लिवाचं ते लिवा.” आवाज चढला नव्हता. टोपी हातात होती. त्या माणसानं आमची बंडी बाजूला लावली आणि मागच्यांना सांगितलं, हा भांडखोर आहे, याला शेवटी घ्या. दिवस मावळता काटा झाला. वजन बाबांनी सांगितलं तेवढंच भरलं. पण गावात पुढची कितीतरी वर्षं बाबांच्या नावामागे तो शब्द राहिला, माझ्या सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा निघाला. बंडीच्या दांडीवर बसून दिवसभर उन्हात वाट बघणारे बाबा मला अजून दिसतात. म्हणून तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

तेव्हा माणसावर विशेषण चिकटवू नको, तो करतो ते लिही. इंडोनेशियनमध्ये लिही ‘सरिंग मनान्याकान आलासान’, म्हणजे वारंवार कारण विचारतो. एकच शब्द हवा असेल तर ‘क्रितिस’. पारखून बघणारा, अशा चांगल्या अर्थानं तिथं तो चालतो. इंग्रजीत त्याच अर्थाचं साधं वाक्य लिही, आणि दोनदा त्याचं म्हणणं बरोबर निघालं हे तारखेसकट जोड. ‘आर्गुमेंतातिफ’ असाही शब्द तिथं आहे, पण तो जास्त करून निबंधाला लावतात. माणसाला लावला तर पुस्तकी वाटेल.

खरंच कुणी शिफ्टमध्ये आरडाओरडा करत असेल, दुसऱ्याच्या अंगावर जात असेल, तर ‘बर्तंगकार’ बेलाशक लिही. त्याच्यासाठीच तो शब्द आहे.

परत गेलास की आधी त्याच्या मशीनपाशी जा आणि ‘माआफ’ म्हण. आपलाच माफ आहे तो, जिभेला जड जाणार नाही. चारचौघांत म्हण, कारण कागदही चारचौघांनी वाचला असेल. मग ऑफिसात जाऊन ती ओळ बदलून मागून घे. पगारवाढीची यादी लागायच्या आत हे कर, नंतर तो कागद कुणी उघडत नाही.