मुलांच्या खेळातला आनंद खरोखर जाणवेल अशी चित्रं कोणती?

तुम्ही लिहिलंय की मुलांच्या खेळाची चित्रं शोधायला गेलं की गुबगुबीत गाल आणि हसरे चेहरेच समोर येतात, आणि थोड्या वेळानं त्याचा कंटाळा येतो. मलाही तसंच व्हायचं. खेळणारं मूल जवळून पाहिलं तर ते फारसं हसतच नाही. माझी भाची ठोकळ्यांचा मनोरा रचते तेव्हा जिभेचं टोक दातांत धरलेलं असतं, आणि हाक मारली तरी तिला ऐकू जात नाही. खदखदून हसते ती मनोरा कोसळल्यावर. ज्या चित्रकारांनी ही तंद्री ओळखली, त्यांचीच चित्रं मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटतात.

सुरुवात शार्दां या फ्रेंच चित्रकाराच्या ‘साबणाचे बुडबुडे’पासून करा. चित्र साधारण १७३३-३४ चं. एक मुलगा दगडी कठड्यावर रेलून नळीतून बुडबुडा फुगवतोय. हात हलू नये म्हणून कठड्यावर टेकवलेला. त्याचा कोट खांद्याजवळ उसवलाय, पण त्याला त्याची शुद्ध कुठे आहे! बुडबुडा पुरता फुगलाय, आता सुटेल की फुटेल अशा बेतात नळीच्या टोकाला लोंबतोय. मागून एक छोटं पोर कठड्यावरून जेमतेम डोळे वर काढून बघतंय. बुडबुडा म्हणजे आयुष्याची क्षणभंगुरता, असा अर्थ जाणकार सांगतात. तो बरोबरच आहे, पण चित्रासमोर असताना मीही त्या पोरासारखा श्वास धरून बुडबुड्याकडेच बघत असतो.

मेरी कसाटच्या १८८४ च्या चित्रात समुद्रकिनाऱ्यावर दोन छोट्या मुली वाळूत खेळताहेत. पुढची मान खाली घालून छोट्या फावड्याशी गुंतलीय, तिच्या मागेच पसरलेल्या समुद्राकडे तिचं लक्षसुद्धा नाही. बाराव्या शतकातल्या सू हानचेन या चिनी चित्रकाराच्या रेशमावरच्या चित्रातही तेच दिसतं. शरदातल्या बागेत दोन मुलं एका बैठ्या चौरंगावर वाकलीत, आणि बाकीची खेळणी बाजूला तशीच टाकून दिलेली. मला ती टाकलेली खेळणी फार आवडतात. नवा खेळ सापडला की जुन्याचं हेच होतं.

धावपळ हवी असेल तर विन्स्लो होमरचं १८७२ चं ‘स्नॅप द व्हिप’ पाहा. लहानशा लाल शाळेसमोर मुलं हात धरून साखळी करून पळताहेत. एका टोकाचे टाचा रोवून गच्च थांबतात, त्या हिसक्यानं दुसऱ्या टोकाचे भिरकावले जातात. डावीकडे दोघं गवतात कोलमडलेत. काहींच्या पायांत चपलासुद्धा नाहीत. इथेही कुणाच्या चेहऱ्यावर गोड हसू नाही, सगळा जीव हाताच्या पकडीत आहे.

आणि मग निवांत वेळ काढून थोरल्या पीटर ब्रूगेलचं ‘मुलांचे खेळ’ बघा. १५६० चं, व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयातलं. चित्र दीड मीटरहून थोडंसंच जास्त रुंद, आणि त्यात २०० हून जास्त मुलं, ८० च्या आसपास खेळ. एकदम सगळं पाहू नका, डोकं गरगरतं. पडद्यावर मोठं करून डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, तिथे दोघीजणी सागरगोट्यांसारखा हाडकांचा खेळ खेळताहेत. मग कडी पळवणारे, बेडूकउड्या मारणारे, भोवरेवाले, आंधळी कोशिंबीर. चेहरे बघाल तर एखाद्या महत्त्वाच्या कामाला लागल्यासारखे गंभीर. वर उजवीकडे एक लांबच लांब रस्ता जातो. त्या रस्त्यानं मुलं लहान लहान होत पार ठिपक्याएवढी होतात, आणि ते ठिपकेही खेळतच असतात.