रिगिंगचे लेयर लपवताना : ऑफ, फ्रीझ आणि व्ह्यूपोर्ट

ऑटोकॅडमध्ये रिगिंगचे (म्हणजे छताला मोटर लावून ट्रस आणि दिवे टांगण्याच्या व्यवस्थेचे) ड्रॉइंग करणाऱ्या ऐरोलीच्या सदस्याने तीन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत. प्रकाशयोजनेच्या शीटवर मोटर (वजन उचलणारी साखळीची यंत्रे) नकोत म्हणून त्यांचा लेयर, म्हणजे ड्रॉइंगचा थर, बंद केला, तर चिन्ह जाते आणि वजनाचा आकडा तसाच राहतो. ट्रस (दिवे टांगायचा धातूचा सांगाडा) फिकट करायला गेले, तर तो काळाच छापला जातो. आणि सभागृहाच्या तांत्रिक कार्यालयाने ‘पॉइंट (मोटर टांगण्याच्या जागा) बीमखाली येत नाहीत’ असा शेरा मारून ड्रॉइंग परत पाठवले आहे. पहिल्या दोन तक्रारींचे उत्तर सरळ आहे. तिसरी वाचताना मात्र मला माझेच जुने प्रकरण आठवले, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. लेयर कसा तयार करावा किंवा ब्लॉक कसा बसवावा, हे आपणांस येत असणारच असे धरून चालतो.

मोटरचा ब्लॉक (एकत्र बांधलेले तयार चिन्ह) बहुधा असा बनवलेला असतो : चिन्हाच्या रेघा लेयर शून्यावर, वजनाचा ॲट्रिब्यूट (ब्लॉकसोबत जाणारी लेखी नोंद) मजकुराच्या लेयरवर आणि अख्खा ब्लॉक समजा ‘रिग-मोटर’ या लेयरवर. शून्यावरची रेघ ब्लॉक ज्या लेयरवर बसतो त्याचे गुण घेते, म्हणून ‘रिग-मोटर’ ऑफ केला की चिन्ह नाहीसे होते. आकडा स्वतःच्या लेयरचे ऐकतो, म्हणून तो उरतो. तोच लेयर फ्रीझ केला, तर ब्लॉक आतल्या सगळ्या ऐवजासकट जातो. चालू लेयर फ्रीझ करता येत नाही पण ऑफ करता येतो, आणि घाईत लोक ऑफकडे वळतात त्याचे हे एक कारण असावे. माझ्या मते रिगिंगच्या ड्रॉइंगमध्ये ऑफ वापरूच नये.

फिकटपणासाठी ऑटोकॅडच्या २००८ च्या आवृत्तीपासून व्ह्यूपोर्टपुरता (शीटवरच्या ज्या चौकटीतून ड्रॉइंग दिसते तिच्यापुरता) वेगळा रंग देण्याची सोय आहे. व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन लेयरच्या यादीतील ‘व्हीपी कलर’ या रकान्यात करडा रंग द्यावा, म्हणजे त्या एका शीटवर ट्रस मागे सरतो आणि रिगिंगच्या शीटवर ठळक राहतो. आपला ट्रस तरीही काळा येत असेल, तर ब्लॉकमधील रेघांना थेट रंग दिलेला आहे असे समजावे, कारण अशी रेघ लेयरचे काहीच ऐकत नाही. ट्रसच्या तयार ब्लॉकांमध्ये हे वारंवार आढळते. ‘सेटबायलेयर’ ही आज्ञा द्यावी, आणि ब्लॉकही त्यात घ्यायचे का असे ती विचारते तेव्हा होकार द्यावा. आधी फाइलची प्रत ठेवलेली बरी.

आता तिसरी गोष्ट. नवी मुंबईतील एका प्रदर्शन-सभागृहासाठी आमच्या वागळे इस्टेटच्या कार्यालयातून रिगिंगचे ड्रॉइंग गेले होते. त्या सभागृहाच्या तांत्रिक कार्यालयाला पीडीएफ चालत नसे, संपादन करता येणारी मूळ फाइलच लागत असे. ती दिली. ड्रॉइंग परत आले ते ‘मोटर बीमखाली नाहीत, रिगिंग अमान्य’ एवढ्याच शेऱ्यासह. कोणती मोटर, कोणत्या बीमपासून किती दूर, माप कोणत्या शीटवर घेतले, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. फोन केला तर ‘ड्रॉइंग दुरुस्त करून पाठवा’ हेच उत्तर मिळाले. आम्ही छताची मापे पुन्हा घेतली, ड्रॉइंग पुन्हा तपासले, त्यात काहीच चुकीचे सापडले नाही म्हणून तेच पुन्हा पाठवले, आणि तेच पुन्हा परत आले. मधल्या काळात तुर्भ्याच्या गोदामात ट्रस ट्रकवर चढवून तयार होता, मुले बसून होती, आणि सभागृहाचे भाडे चालूच होते. त्या भाड्यात कोणतीही सूट मिळाली नाही, हे वेगळे सांगायला नको.

उलगडा झाला तो त्यांनी त्यांच्याकडची फाइल दाखवल्यावर. कार्यालयातील कोणीतरी आसनव्यवस्था आणि बाहेर पडण्याचे मार्ग नीट दिसावेत म्हणून रिगिंगचे सर्व लेयर मॉडेलमध्येच, म्हणजे सगळ्या शीटांमागच्या मूळ रेखाटनातच, फ्रीझ केले होते. मग सभागृह आपल्या ठरलेल्या आरंभबिंदूवर आणण्यासाठी ‘मूव्ह’ आज्ञा देऊन निवडीत ‘ऑल’ म्हटले होते. ‘ऑल’मध्ये फ्रीझ आणि लॉक केलेल्या लेयरवरील वस्तू येत नाहीत, ऑफ केलेल्या येतात. त्यामुळे भिंती, खांब आणि बीम सरकले, आमच्या मोटर जागच्या जागी राहिल्या. पुढे लेयर पुन्हा उघडून माप घेतले गेले, आणि ठपका आमच्यावर आला. कोणी हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही, परंतु मूळ फाइल आपल्याजवळ असताना दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची तसदी एवढ्या काळात त्या कार्यालयातील एकाही माणसाने घेतली नाही, याचा राग मला आजही येतो.

म्हणून आपणांस पहिला सल्ला असा, की पॉइंट हलवण्यापूर्वी सभागृहाच्या कार्यालयाकडची फाइल मागवा आणि एकाच खांबाच्या कोपऱ्यापासून तीन-चार मोटरपर्यंतचे अंतर आडव्या व उभ्या दिशेने दोन्ही फाइलींत मोजा. सर्व मोटर एकाच दिशेने, एकाच अंतराने चुकलेल्या दिसल्या, तर आराखडा बरोबर आहे आणि कोणीतरी फाइल सरकवली आहे. फरक प्रत्येक मोटरला वेगळा निघाला, तर मात्र दोष आपल्या आराखड्यात शोधावा लागेल.

पुढच्या कामांसाठी मी एक शिस्त पाळतो, आणि ती माझी हट्टाची आहे असे सहकारी म्हणतात. मॉडेलमध्ये रिगिंगचा एकही लेयर ऑफ किंवा फ्रीझ करायचा नाही. जे लपवायचे ते लेआउटवर (छपाईच्या शीटवर), त्या त्या व्ह्यूपोर्टमध्ये ‘व्हीपी फ्रीझ’ने लपवायचे. प्रकाशयोजनेच्या शीटवर मोटर नसतील, ग्राहकाच्या शीटवर ब्रायडलही (एक पॉइंट दोन बाजूंनी बीमला बांधणारे तिरके पाय) नसतील, रिगरच्या शीटवर सगळे असेल, आणि मॉडेल मात्र नेहमी पूर्ण राहील. नवीन व्ह्यूपोर्ट उघडला की सगळे पुन्हा दिसू लागते ही तक्रार टाळण्यासाठी ‘न्यू व्हीपी फ्रीझ’चा रकाना आधीच लावून ठेवावा. सभागृहाचे मूळ ड्रॉइंग एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून शून्य-शून्य या आरंभबिंदूवर जोडावे, म्हणजे ते हलले तर त्याच्या गुणधर्मांत लगेच कळते. एक्सरेफच्या लेयरमध्ये केलेले बदल फाइल पुन्हा उघडल्यावर पुसले जात असतील, तर ‘व्हिझरिटेन’ या सेटिंगचे मूल्य १ आहे का ते पाहावे.

याशिवाय मी एका खांबाच्या कोपऱ्यावर दोन फुल्या काढतो, एक सभागृहाच्या लेयरवर आणि दुसरी रिगिंगच्या लेयरवर, बरोबर एकमेकींवर. बाहेर जाऊन आलेल्या फाइलीत त्या दोन वेगळ्या दिसल्या, की आधी त्याच दाखवून बोलणे सुरू करता येते. सोबत खांबापासूनची मापे लिहिलेली पीडीएफही पाठवतोच, ‘चालत नाही’ असे कोणी म्हटले तरी. जमिनीवर खडूने पॉइंट आखणाऱ्या मुलांनाही खांबापासूनचीच मापे लागतात, त्यामुळे हे काम वाया जात नाही.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. वजनाचा आकडा शीटवर नको, पण यादीत हवा, असे असेल तर लेयरशी खेळू नये. ॲट्रिब्यूट बनवतानाच तो ‘इनव्हिझिबल’ ठेवावा. छपाईत तो येत नाही, डेटा एक्स्ट्रॅक्शनने (ड्रॉइंगमधली माहिती काढून) बनवलेल्या तक्त्यात मात्र येतो, आणि तपासताना ‘अ‍ॅटडिस्प’ ही आज्ञा ऑन करून सगळे आकडे एकदम पाहता येतात. ब्रायडलच्या रेघा मात्र छताच्या अभियंत्याला जाणाऱ्या शीटवरून कधीही लपवू नयेत. दोन समान पायांच्या ब्रायडलमध्ये पायांमधील कोन ६० अंश असेल, तर ५०० किलोच्या भारासाठी प्रत्येक पायावर सुमारे २८९ किलोचा ताण येतो. कोन १२० अंश झाला, तर प्रत्येक पायावर पूर्ण ५०० किलो येतो, आणि बीमला आडवी ओढ बसते ती वेगळी. रेघ दिसली नाही तर हा हिशेब कोणी करणारच नाही. मी ड्रॉइंग करणारा माणूस आहे, संरचना अभियंता नाही. वरचा हिशेब समजण्यापुरता धरावा, भाराची मंजुरी पात्र अभियंत्याकडूनच घ्यावी.

प्रकाशयोजनाकाराकडून येणारी फाइल मूळची व्हेक्टरवर्क्स या दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरची असेल, तर निर्यात करताना लेयर म्हणून क्लास पाठवले की डिझाइन लेयर (वस्तूंच्या तिथल्या दोन विभागण्या), हे त्यांना विचारून घ्यावे. तिथे वस्तू दिसण्यासाठी क्लास आणि लेयर दोन्ही चालू असावे लागतात. इकडे येताना त्यांतील एकाच विभागणीचे लेयर होतात, आणि ट्रससोबत दिवेही एकाच लेयरवर येऊन पडले तर व्ह्यूपोर्टमध्ये त्यांना वेगळे करण्याचा मार्ग उरत नाही. ती फाइल त्यांच्याकडूनच नव्याने निर्यात करून घ्यावी.

सभागृहाच्या तांत्रिक कार्यालयाला उत्तर लिहिताना शेऱ्याचा प्रतिवाद करत बसू नये. कोणत्या फाइलवर, कोणत्या बिंदूपासून माप घेतले, एवढेच लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत दुरुस्त ड्रॉइंग पाठवू नये, कारण दुसरी आवृत्ती गेली की पहिलीत चूक होती असेच त्यांच्या नोंदीत धरले जाते.