बार्बेल रो (वाकून बार पोटाकडे ओढायचा व्यायाम) मारताना पाठीपेक्षा कंबर आणि दंडच भरून येतात. फॉर्ममध्ये काय चुकतंय?

वजन जास्त लावताय. पटत नसेल तर बार पोटाशी आणून एक सेकंद तिथेच धरून बघा. धरता आला नाही, म्हणजे तो पाठीने नव्हे, कमरेच्या झटक्याने वर आला. ‘हेवी मारल्याशिवाय पाठ रुंद होत नाही’ म्हणणाऱ्यांशी माझं हे जुनंच भांडण आहे. उभ्याउभ्या हिसके दिले की बार जेमतेम वीतभर हलतो आणि काम होतं मानेजवळच्या ट्रॅप्सचं. लॅट्स, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंचे रुंद स्नायू, आहेत तिथेच.

आधी कंबर. वाकायचं ते खुब्यातून. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे ढकला, धड जमिनीशी ३० ते ४५ अंशांत आणा. बार पावलाच्या मध्यावर राहिला पाहिजे. तो चवड्यांच्या पुढे गेला की सगळा भार कमरेवर. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतील तर कंबर गोल होते; अशा वेळी गुडघे आणखी वाकवा. श्वास बार खाली असताना भरा, पोट कडक करा, मगच ओढा. आणि समोरच्या आरशात बघायला मान वर करू नका, नजर जमिनीवर.

दंड भरतात, कारण तुम्ही मुठीने ओढताय. कोपर मागे न्यायचे, मूठ फक्त हुकासारखी. कोपर अंगालगत आणि बार बेंबीकडे, तर लॅट्स. कोपर फाकवून छातीकडे आणलात तर मागचे खांदे आणि पाठीचा वरचा भाग. दोन्ही बरोबर, पण एकाच सेटमध्ये दोन्ही नको. उलटी पकड (तळहात समोर) तूर्त नको, तिच्यात बायसेप्स आणखी ओढले जातात. पकड आधी सुटत असेल तर बिनधास्त स्ट्रॅप्स, म्हणजे मनगट बारला बांधायचे पट्टे, लावा.

रिकाम्या ऑलिंपिक बारने, म्हणजे २० किलोने, १० रेप्सचे (आवर्तनांचे) ३ सेट करा. खाली सोडायला दोन सेकंद. धड उठायला लागलं की सेट संपला, रेप्स कितीही राहिलेल्या असोत. तिन्ही सेट स्वच्छ झाले तरच पुढच्या वेळी २.५ किलो वाढवा. कमरेला बेल्ट बांधून चुकलेला कोन सुधारत नाही.

हो, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलायचा व्यायाम) त्याच दिवशी आधी करत असाल तर कंबर थकलेलीच असते. मग बाकावर छाती टेकवून डंबेल रो करा. कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र फॉर्मचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.