बेस वाजवण्यासाठी नोकरी सोडू का?

प्रश्न : वय २९, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, ४ वर्षं ७ महिने झाली. हातात ६२ हजार येतात, खर्च ३२ हजार, बचत ६ लाख. डूम मेटल (संथ, जड लयीचं मेटल संगीत) बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीचा दौरा ठरतोय, माझा वाटा अडीच लाख. नोकरी सोडून, पीएफ काढून पूर्णवेळ बँड करू का?

उत्तर : दौऱ्याला जरूर जा. नोकरी मात्र आत्ता सोडू नका.

तुम्हीच लिहिलंय की एका गिगचे, म्हणजे कार्यक्रमाचे, १५ हजार मिळतात आणि ते पाच जणांत वाटले जातात. तुमच्या हाती ३ हजार. वर्षाला दहा गिग धरले तरी ३० हजार, म्हणजे तुमचा एका महिन्याचाही खर्च नाही. जॅमरूमचं (सरावाच्या खोलीचं) भाडं, तारा, प्रवास अजून वजा केलेलाच नाही. यावरून तुमच्या वाजवण्याची किंमत ठरत नाही. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या मेटल बँडला आपल्याकडे जागाच मोजक्या, लग्न आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांतला पैसा दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या कव्हर बँडकडे जातो.

दौऱ्यानंतर साडेतीन लाख उरतील. ते जेमतेम ११ महिने पुरतील. मला भीती वाटते ती सहाव्या-सातव्या महिन्याची. तेव्हा तुम्ही मिळेल ते वाजवायला लागाल, आणि ज्या संगीतासाठी नोकरी सोडली तेच सगळ्यात आधी मागे पडेल.

शिवाय पाच वर्षं पूर्ण व्हायला पाचच महिने राहिलेत. तेवढे काढले की ग्रॅच्युइटीचा हक्क नक्की होतो. तुमचा मूळ पगार ३० हजार आहे, त्या हिशेबाने साधारण साडेशहाऐंशी हजार. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर करही लागतो. खरं तर पाच वर्षांनंतरही त्याला हात लावू नका. बँडमधल्या माणसाला दुसरं पेन्शन नसतं.

आता पत्रात नसलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गाण्यांच्या रचनेत तुमचं नाव आहे का? बेसवाला वर्षानुवर्षं वाजवतो आणि संगीतकार म्हणून नाव लागतं गिटारवाल्याचं, असं फार ठिकाणी होतं. ब्लॅक सबाथ या इंग्लंडच्या मेटल बँडचे बेसवादक गीझर बटलर यांनी बँडची बहुतेक गीतं लिहिली, आणि सुरुवातीच्या अल्बमांवर श्रेय चौघांच्या नावावर आहे. अल्बम निघण्याआधी कोणाचा किती टक्के वाटा हे एका कागदावर लिहून पाचही जणांच्या सह्या घ्या. मग रचनाकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. रक्कम सुरुवातीला किरकोळ असेल, पण नाव एकदा राहून गेलं की नंतर वाद घालून मिळवणं फार अवघड.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा, म्हणजे प्रतीक्षा कालावधी (ज्यात काही आजारांचा खर्च मिळत नाही तो काळ) नोकरीत असतानाच सुरू होईल. आणि चांगले इअरप्लग घ्या, त्यात काटकसर नको. कानात कायमची शिट्टी बसली की त्यावर हमखास इलाज नाही.

नोकरी सोडायची वेळ माझ्या मते तेव्हा येईल, जेव्हा शिकवण्या आणि स्टुडिओतली कामं मिळून सलग वर्षभर महिन्याला १६ हजार, म्हणजे निम्मा खर्च, येऊ लागेल आणि बाजूला १८ महिन्यांचा खर्च असेल. सध्या महिन्याला ३० हजार उरतात, त्यातले २५ यासाठीच वेगळे टाका.

दौऱ्यासाठी रजा मागा. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं रजेचं पत्र जोडलं तर अर्ज भक्कम होतो. तिकिटं काढण्याआधी, तिथे वाजवायला वेगळा परवाना लागतो का, हे आयोजकांकडून लेखी घ्या.