लिक्विड क्रिस्टलचे थेंब एकसारखे यावेत म्हणून होमोजनायझरचा स्पीड वाढवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की साताऱ्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टला तुम्ही पीव्हीएच्या (पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) पाण्यात ५सीबी हे लिक्विड क्रिस्टल टाकून होमोजनायझरनं (जोरात फिरून थेंब फोडणारा मिक्सर) फिरवता, आयटीओ काचेवर (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली काच) थर देता, वाळल्यावर वरून दुसरी काच लावता, पण व्होल्टेज दिलं की फिल्म कुठं साफ होते आणि कुठं पांढरीच राहते. मी सांगलीचा, एमएस्सीला हेच केलंय आणि आता कुपवाड एमआयडीसीत कोटिंगमध्येच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्पीड वाढवू नका.

स्पीड वाढवला की थेंब बारीक होतात हे खरं, पण सगळे सारखे बारीक होत नाहीत. ब्लेडजवळून गेलेला पार चिरडतो, भांड्याच्या कडेनं फिरणारा तसाच राहतो, आणि फेस येतो तो वेगळाच ताप. शिवाय बारीक थेंब इथं परवडतच नाही. थेंबाच्या भिंतीलगतचे रेणू भिंतीला धरून असतात, थेंब जितका लहान तितका भिंतीचा जोर जास्त, त्यामुळं रेणू वळवायला लागणारं व्होल्टेज थेंबाच्या आकाराच्या उलट प्रमाणात वाढत जातं. म्हणजे ५ मायक्रॉनचा थेंब वळून मोकळा होतो तेव्हा त्याच फिल्ममधला १ मायक्रॉनचा ढिम्म हलत नाही. वळलेल्या थेंबाचा अपवर्तनांक १.५३ च्या आसपास येतो, पीव्हीएच्या जवळपास, म्हणून उजेड सरळ पार जातो. न वळलेला मात्र उजेड विखुरत बसतो, तोच तुमचा पांढरा डाग.

अमेरिकन संशोधक जेम्स फर्गसननं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असंच पीव्हीएच्या पाण्यात लिक्विड क्रिस्टलचे थेंब पसरवून (इमल्शन) फिल्म बनवल्या होत्या, त्यामुळं तुमची पद्धत चुकीची अजिबात नाही. पण एकसारखेपणाच पाहिजे असेल तर लिमिटेड कोअलेसन्स, म्हणजे थेंबांना ठराविक आकारापर्यंतच एकमेकांत मिसळू देण्याची पद्धत, वापरा, कोडॅकवाल्यांनी जिलेटिनमधल्या डिस्प्ले कोटिंगला तेच वापरलं. यात मिक्सर थेंबाचा आकार ठरवत नाही, सिलिका ठरवते.

समजा वाटीभर तीळ आहेत आणि प्रत्येक लाडवाला बाहेरून पूर्ण तीळ लागलेच पाहिजेत, लाडू फार छोटे वळले तर तीळ पुरत नाहीत, मग दोन-दोन लाडू एकत्र करत जायचं, जोवर आहेत त्या तिळात सगळे झाकले जात नाहीत तोवर. इथं तीळ म्हणजे कोलॉइडल सिलिकाचे, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या सिलिकाचे, नॅनोकण आणि लाडू म्हणजे थेंब. १ ग्रॅम लिक्विड क्रिस्टल २ मायक्रॉनच्या थेंबांत फोडलं तर एकूण पृष्ठभाग ३ चौरस मीटरच्या आसपास होतो, १० मायक्रॉनच्या थेंबांत फक्त ०.६. सिलिका ०.६ पुरतीच घातली असेल तर बारीक फोडलेले थेंब आपापसात मिसळत साधारण १० ला येऊन थांबतात, कारण सगळे झाकले गेलेले असतात. सिलिका दुप्पट केली की व्यास निम्मा. आधी मिक्सरनं कसंही वेडंवाकडं फोडलेलं असलं तरी फार बिघडत नाही, फक्त हव्या त्या आकारापेक्षा बारीक फोडलेलं पाहिजे.

यात अट एकच, पीव्हीए आधी घालायचा नाही. तो स्वतःच थेंबाला गुंडाळून मिसळू देत नाही, मग जे लहान-मोठं झालंय तेच कायम होतं. आधी नुसतं डिस्टिल्ड पाणी, सिलिका आणि लिक्विड क्रिस्टल, तेही ४५-५० अंशाला, कारण ५सीबी ३५ च्या वर साधं पातळ तेल होतं आणि नीट फुटतं. सिलिका मुळात पाण्यातच रमते, तिला थेंबावर बसवायला किंचित मदतनीस रसायन (प्रमोटर) लागतं. सीटॅबसारखा धन आयनवाला साबण चालतो, पण अगदी किंचित, जास्त झाला की तो स्वतःच थेंब धरून ठेवतो आणि वर फिल्ममध्ये आयन वाढतात. छोट्या बाटल्यांत प्रमाण बदलून बघा. फिरवून झालं की हलकं ढवळत राहा, थेंब मिसळायचे थांबले की मग बाइंडर, म्हणजे थेंबांना फिल्ममध्ये धरून ठेवणारं जिलेटिन किंवा पीव्हीए. आणि आता होमोजनायझर नाही हं, काचेची कांडी.

बाइंडर मी तरी जिलेटिनच घेईन. कोमट असताना थर द्यायचा आणि लगेच काच गार करायची, जिलेटिन थिजतं आणि थेंब आहेत तिथंच अडकतात, मग सावकाश वाळवायचं. पीव्हीए असा थिजत नाही, वाळताना आतलं द्रावण थेंबांसकट कडेला सरकतं आणि कडा जाड, मध्य पातळ. आमच्या लॅबमध्ये जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं म्हणून एक जण हात लावायचा नाही, तसं असेल तर पीव्हीए घ्या आणि थर पातळ ठेवा. पावसाळ्यात दोन्ही ओल ओढतात, फिल्म डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं) ठेवा, नाहीतर आजचं रीडिंग आणि उद्याचं रीडिंग जुळणार नाही.

अजून एक, फिल्म अख्खी पांढरी राहिली आणि कितीही व्होल्टेज दिलं तरी हलली नाही, तर थेंबांना दोष देण्याआधी थर्मामीटर बघा. ५सीबी नेमॅटिक, म्हणजे रेणू एका दिशेनं लागलेलं लिक्विड क्रिस्टल, असतं ते २४ ते ३५ अंशांतच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बंद खोलीत दुपारी ३५ कधी ओलांडतं कळत पण नाही, आणि मग थेंबात वळवायला काही उरतच नाही. गाइडकडं ई७ हे लिक्विड क्रिस्टल मागा. चार प्रकारच्या रेणूंचं मिश्रण आहे, अर्ध्याच्या आसपास ५सीबीच, पण साठ अंशांच्या जवळपास टिकतं.

थेंब सारखे झाले का हे डोळ्यांनी ठरवू नका, पांढरं सगळंच सारखं दिसतं. मोबाइल रिपेअरवाल्याकडून फुटलेल्या एलसीडीच्या पोलरायझर शीट आणा, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपला खाली एक आणि वर एक तिच्याशी काटकोनात लावा, थेंब काळ्यावर चमकतात, फोटो काढून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्यास मोजा. निदान दोन-तीनशे थेंब मोजा आणि ते वेगवेगळ्या जागचे घ्या.

व्होल्टेज एसीच द्या, डीसीनं आयन एका बाजूला गोळा होतात आणि फिल्म हळूहळू मरते. ५० हर्ट्झ चालतं, पण व्हेरिएकच्या (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनच्या विजेपासून सर्किट वेगळं ठेवणारा) पाहिजेच, आणि काच लावताना-काढताना सप्लाय बंद.