तिकीट, उधारी आणि लपवाछपवी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दर आठवड्याला मंडईजवळ सरकारी लॉटरीची तिकिटं घेतो. विक्रेता म्हणतो, एकाच नंबरच्या सगळ्या सिरीज घ्या, चान्स वाढतो. मागच्या सोडतीत माझं बक्षीस एका आकड्याने हुकलं. किती खेळणं ठीक?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : चान्स किती वाढतो ते कागदावर मांडून बघा. पाच आकडी नंबर आणि दहा सिरीज, म्हणजे तोच नंबर दहा वेगवेगळ्या मालिकांत, असतील तर एकूण तिकिटं होतात १० लाख. एका तिकिटाला पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता १० लाखांत एक. दहा सिरीज घेतल्या की १ लाखात एक. दहा वेगवेगळे नंबर घेतलेत तरी नेमकी तीच. विक्रेत्याची दहा तिकिटं खपली, एवढाच फरक.

‘एका आकड्याने हुकलं’ हे मात्र फार फसवं असतं. विजेत्या नंबरपेक्षा एकच आकडा वेगळा असलेले नंबर प्रत्येक सिरीजमध्ये ४५ असतात, म्हणजे दहा सिरीजमध्ये ४५०. दर सोडतीला तेवढ्या तिकिटांचं बक्षीस ‘थोडक्यात’ जातं. पुढच्या सोडतीशी त्याचा काहीही संबंध नाही. बरेच दिवस न आलेला नंबर आता येईल, हा हिशोबही तसाच पोकळ.

आमच्या मते रक्कम महिन्याच्या एक तारखेला ठरवावी आणि ती रोख बाजूला काढावी. नाटक-सिनेमासाठी ठेवतो तशी, गेली तरी चुटपुट लागणार नाही इतकीच. पाकीट संपलं की महिना संपला. उधारीवर किंवा यूपीआयने तिकीट नको, आणि शंभर-दोनशेचं बक्षीस लागलं तर त्याची पुन्हा तिकिटं नकोत. बहुतेकांचा हात इथेच सैल सुटतो. बक्षीस १० हजारांच्या वर गेलं की ३० टक्के कर कापूनच पैसे मिळतात, आणि तिकिटांवर झालेला खर्च त्यातून वजा होत नाही. तिकिटाच्या मागे सही करून फोटो काढून ठेवा. दाव्याची मुदत तिकिटावर छापलेली असते.

प्रश्न : माझ्या नवऱ्यावर लॉटरी आणि मोबाइलवरच्या जुगारापायी चार लाखांची देणी झाली आहेत. दोन अ‍ॅपची कर्जं, एका सावकाराचे पैसे, माझ्या बांगड्याही गहाण पडल्यात. सासूबाई म्हणतात, गावची जमीन विकून एकदाचं फेडून टाकू, मग तो सुधारेल. तो रोज मुलाची शपथ घेतो. हे व्यसन म्हणायचं की वाईट सवय?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हे व्यसनच वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे. प्राथमिक अंदाजाला दोन प्रश्न पुरतात : जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का? आणि किती लावले याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर हो आलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. ते नऊ लक्षणं तपासतात आणि वर्षभरात चार दिसली की निदान होतं. गेलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणं, थांबवलं की चिडचिड, मन उदास झालं की खेळणं, हरल्यावर इतरांनी पैसे पुरवावेत ही अपेक्षा, ही त्यांतली काही.

त्या शेवटच्या लक्षणामुळेच सांगतो, जमीन विकू नका. एकरकमी फेडलं की डोक्यावरचं ओझं उतरतं, पत परत मिळते आणि नवं कर्ज सहज निघतं. खेळायची ओढ तिथल्या तिथेच राहते. आधी देण्यांची पूर्ण यादी करा. तुमच्या पतींना स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जांच्या नोंदींचा अहवाल, काढायला लावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. न सांगितलेली कर्जं तिथे सापडतात. बांगड्यांचं व्याज थकलं तर लिलाव होतो, म्हणून ती तारीख आधी बघा. बाकीचे हप्ते त्यांच्या हातात पैसे न देता थेट ज्याचं देणं आहे त्याला भरा. पगार येतो त्या खात्याची यूपीआयची रोजची मर्यादा त्यांच्या संमतीने कमी करा आणि क्रेडिट कार्ड बंद करा. कुठल्याही कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करू नका. सावकाराकडे परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करता येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. तरीही जी अ‍ॅप चालू दिसतात, त्यांत अडकलेले पैसे परत मिळायची आशा धरू नका.

शपथेने हा आजार बरा होत नाही. उपचारात ओढ केव्हा लागते हे ओळखणं, विचारांतल्या चुका पकडणं हे समुपदेशनातून शिकवतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचंही बघतात. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या फोन करा. आणि ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं ते काही बोलले, तर धमकी समजून सोडून देऊ नका. देणी उघडी पडतात तेव्हा जिवाला धोका जास्त असतो. त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, आयुष्यभर काटकसरी. वर्षभरात अचानक रोज ढिगाने तिकिटं आणतात. त्यांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे. म्हातारपणाचा हट्ट समजायचा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्यांच्या गोळ्यांची नावं बघा. पार्किन्सन्सवरच्या प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या औषधांनी काही रुग्णांमध्ये जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ निर्माण होते. गोळी सुरू केल्याची किंवा डोस वाढवल्याची तारीख आणि तिकिटं वाढल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवली तर घबराट, घाम, अंगदुखी असे त्रास होतात आणि हालचालीही बिघडतात. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि बऱ्याच जणांची ओढ त्यानंतर ओसरते. वडिलांना रागावू नका. यात त्यांचा दोष नाही, हे त्यांनाही सांगा. बहुतेकांना मनातून लाज वाटत असते, म्हणून ते डॉक्टरांसमोर हा विषय काढत नाहीत. तो तुम्हालाच काढावा लागेल.