क्लोरीनच्या गोळ्या वर्षभराच्या भरून ठेवू का?

प्रश्न : आमच्या निवासी संकुलातल्या पोहण्याच्या तलावाची जबाबदारी यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. तलाव उघड्यावर, दीड लाख लिटरचा. क्लोरीनच्या २०० ग्रॅमच्या गोळ्या कधी मिळतात, कधी महिना-महिना येत नाहीत आणि आल्या की भाव चढलेला. पंपाच्या सुट्या भागांचीही तीच रड. ठेकेदार म्हणतो, मिळताहेत तोवर वर्षभराच्या गोळ्या भरून ठेवा, पंपाशेजारची खोली रिकामीच आहे. त्यातून पूर्वी रोज दोन गोळ्या पुरायच्या, आता चार लागतात. वहीत क्लोरीन २, पीएच ७.४ अशी नोंद आहे, म्हणजे दोन्ही बरोबर. तरी पाणी हिरवट दिसतं.

उत्तर : नका भरून ठेवू. ठेकेदाराच्या मनात काही वाईट असेल असं नाही. टंचाईच्या दिवसांत मी स्वतः हाच उद्योग केला होता. पंपाच्या खोलीला लागून नऊ ड्रम रचले. तीन महिन्यांनी गेलो तर कुलपात किल्ली फिरेना. आत बिजागऱ्या, खिळे, स्विचबोर्डाचे स्क्रू, धातूचं जे जे होतं ते सगळं खाल्लेलं. झाकणं घट्ट होती, तरी. कोपऱ्यात एक कोरी मोटर ठेवली होती. तिच्यासाठी अकरा आठवडे वाट पाहिली होती. तिच्या पंख्याची जाळी बोट लावताच भुगा होऊन हातात आली.

तुमच्याकडे गंजावरच भागेल असंही नाही, आगही लागू शकते. २०२० मध्ये महासाथीमुळे लोक घरी बसले, घरच्या तलावांचा वापर वाढला आणि गोळ्यांना मागणी आली. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात लॉरा चक्रीवादळानं गोळ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं छप्पर उडवलं. पावसाचं पाणी ट्रायक्लोरच्या, म्हणजे या गोळ्या ज्याच्या बनतात त्या रसायनाच्या साठ्यात शिरलं, रासायनिक क्रिया सुरू झाली आणि कारखाना पेटला. तो पुन्हा उभा राहायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. पुढच्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं, तिथले राळेचे, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे कारखाने बंद पडले आणि पीव्हीसी पाइप, कोपरे, व्हॉल्व्ह यांची ओरड सुरू झाली. पण साठ्यापुरतं बोलायचं तर ट्रायक्लोर तलावात विरघळतं तेव्हा पाणी अमाप असतं. ढिगावर थोडंसंच पाणी पडलं की ते तापतं आणि विषारी वायू सोडतं. तुमच्या रिकाम्या खोलीचं छप्पर पावसाळ्यात गळतं का, ते आधी बघून या.

आता तुमच्या हिरवट पाण्याकडे वळतो, कारण रोग तिथे आहे. गोळीत नुसतं क्लोरीन नसतं. वजनाचा निम्म्याहून जास्त भाग सायनुरिक आम्लाचा. उन्हात क्लोरीन उडू नये म्हणून ते थोडं हवंच, ३० ते ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३० ते ५० भाग. पण क्लोरीन वापरलं जातं, सायनुरिक मात्र पाण्यातच राहतं. ते उडत नाही, नेहमीच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. तुमच्या तलावात रोजच्या दोन गोळ्यांतून महिन्याला पंचेचाळीसच्या आसपास पीपीएम भर पडते. फिल्टर उलटा धुताना (बॅकवॉश) जे पाणी बाहेर जातं, त्याबरोबर जाईल तेवढंच कमी. ते शंभरावर गेलं की क्लोरीनला असं धरून बसतं की वहीतला २ हा आकडा नुसता दाखवायला उरतो. आमचा ठोकताळा असा, की शेवाळ रोखायचं तर सायनुरिकच्या साडेसात टक्के क्लोरीन हवं. शंभराला साडेसात. तुमच्याकडे दोन. म्हणून पाणी हिरवं, म्हणून आणखी गोळ्या, म्हणून आणखी सायनुरिक. गोळ्या कमी पडताहेत असं तुम्हाला वाटतंय, खरं तर त्या जास्त झाल्या आहेत.

तुमच्या वहीत सायनुरिकचा रकानाच नसणार, पैज लावतो. चाचणी सोपी आहे. चाचणी संचातल्या नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. तलावातून घेतलेल्या थोड्या पाण्यात संचातलं रसायन मिसळलं की ते दुधाळ होतं. नळी कमरेएवढ्या उंचीवर धरायची, वरून बघत पाणी हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. नळी निम्मीही भरण्याआधी ठिपका गेला तर प्रकरण हाताबाहेर गेलंय असं समजा. उपाय एकच, थोडं पाणी काढून ताजं भरणं. एक तृतीयांश बदललं की आकडाही एक तृतीयांशानं उतरतो. जिवावर येतं, मान्य आहे.

त्यानंतर काही महिने गोळ्यांऐवजी सोडियम हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), म्हणजे द्रवरूप क्लोरीन वापरा. त्यात सायनुरिक नसतं. मात्र उकाड्यात त्याची ताकद आठवड्या-आठवड्यानं उतरते, तेव्हा पंधरा दिवसांपुरतंच आणा. त्याच्या शेजारी आम्लाचा कॅन ठेवायचा नाही. दोन्ही एकत्र सांडली तर क्लोरीनचा वायू होतो. साठवणारच असाल तर पंपाची गळती रोखणारे मेकॅनिकल सील आणि ओ-रिंग यांचा एक जादा संच ठेवा, पण रसायनांपासून दूर, कार्यालयातल्या कपाटात.

प्रश्न : गोळ्यांना कंटाळून मिठावर चालणारा क्लोरिनेटर बसवायचा विचार आहे. टंचाईतून सुटका होईल?

उत्तर : गोळ्यांच्या टंचाईतून होईल. पण त्याच्या सेलमधल्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवणाऱ्या भागातल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा महागड्या धातूंचा लेप असतो आणि तो काही वर्षांत झिजतो. मग अख्खा सेल नवा. चिपच्या तुटवड्यात नियंत्रक बोर्डही लवकर मिळत नव्हते. तेव्हा बसवा, पण सेलसाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढा आणि गोळ्यांचा जुना फीडर, म्हणजे ज्यात गोळ्या भरून पाणी फिरवतात ते भांडं, जागेवर राहू द्या. अडचणीत त्यात फक्त गोळ्याच भरायच्या. गोळ्या नाहीत म्हणून कॅल्शियम हायपोची (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनची) पूड भरली तर आत उरलेल्या गोळीशी तिचा संबंध येऊन फीडर फुटू शकतो. झाकणावर रंगानं तसं लिहूनच ठेवा. तुम्ही नसताना दुसरं कुणीतरी ते उघडणार आहे.